गाडी पुन्हा मरू द्या

मामांची हेराल्ड गेल्या मे महिन्यात सेलू-पाथरी रस्त्यावर तीनदा बंद पडली, आणि तिन्ही वेळा ओल्या फडक्यानं चालू झाली. पहिल्यांदा पाथरी दहा-बारा किलोमीटर उरली होती. इंजिनानं दोन-तीन आचके दिले, सायलेन्सरमधून एक फटका वाजला, आणि गाडी बाभळीच्या सावलीपर्यंत घरंगळत जाऊन थांबली. मागून येणारा टेम्पोवाला उतरला, बॉनेटखाली डोकावला आणि म्हणाला, "पेट्रोल उकळालंय मालक. पंपावर ओलं फडकं टाका." मामांनी पाण्याची बाटली उपरण्यावर रिकामी केली, उपरणं पंपाभोवती गुंडाळलं, वीस मिनिटं थांबले, सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू! तेव्हापासून डिकीत पाच लिटरचा कॅन आणि जुन्या धोतराचे तुकडे कायमचे जाऊन बसले.

हेराल्ड ही एका स्पोर्ट्स कारची मोठी बहीण. इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनं 1959 मध्ये ही छोटी गाडी काढली. तिचा आराखडा जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचा. त्याच हेराल्डची चासी आखूड करून, त्याच घराण्यातलं इंजिन बसवून 1962 मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आली. तिचं चित्रही मिकेलोत्तीनंच काढलेलं. इकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनं 1961 पासून हेराल्ड भारतात बनवायला घेतली. फियाट आणि अ‍ॅम्बेसॅडर यांच्या भांडणात ही तिसरी मागेच राहिली, आणि दहा-एक वर्षांनी बंदही झाली. मामांनी चाळीस वर्षांपूर्वी ती हैदराबादहून जुनीच आणली. सेलूत गाडी नेहमी हैदराबादकडूनच यायची, रेल्वेचीसुद्धा, हा त्यांचा ठरलेला विनोद.

इंजिन 948 सीसीचं, ताकद जेमतेम पस्तीस घोड्यांची. पण तिचं बॉनेट बघायला अजून पोरं जमतात. ते नुसतं झाकण नव्हे. दिवे, मडगार्ड, नाक, सगळा पुढचा भाग एकसंध पुढे कलंडतो आणि गाडी मगरीसारखी आ वासते. इंजिन दोन्ही अंगांनी उघडं पडतं, आणि काम करणारा पुढच्या चाकावर पाटावर बसल्यासारखा बसतो. आजच्या काही गाड्यांत बल्ब बदलायचा तर बॅटरी काढावी लागते. असो.

तर ओलं फडकं. टेम्पोवाल्याचं निदान चुकीचं होतं, पण वेडगळ अजिबात नव्हतं. पेट्रोल हा एकच पदार्थ नसतो. ते अनेक हलक्या-जड द्रवांचं मिश्रण असतं, आणि त्यातले सगळ्यात हलके भाग चाळीस अंशांच्या आसपासच उडायला लागतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा त्रेचाळीस असतो, मग इंजिनाला चिकटलेल्या पंपाचं काय विचारता! नळीत वाफेचा फुगा झाला की पंप तोच फुगा दाबत आणि सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात, आपले मेस्त्री एअर लॉक म्हणतात. हेराल्डमध्ये इनलेट आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत, म्हणजे कार्बोरेटर चुलीच्या वैलावर ठेवल्यासारखाच.

त्यात इथेनॉलची भर पडली. 2025 पासून पंपावर मिळणारं पेट्रोल सर्वसाधारणपणे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. एकटं इथेनॉल अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळतं, पण पेट्रोलात मिसळलं की मिश्रण उलट लवकर वाफाळतं. जुन्या गाडीची साधी रबरी नळी ते फुगवतं, मऊ करतं. तिसरी गोष्ट मिश्रणाच्या प्रमाणाची. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच्या आसपास, आणि वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या जवळपास. नव्या गाडीतला कॉम्प्युटर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेच्या बोंडाला पाडलेलं एक भोक. गाडी बनली तेव्हा जेवढं होतं तेवढंच ते आजही आहे. म्हणून जुनी गाडी आता जरा उपाशी धावते आणि जास्त तापते.

एवढी सगळी कारणं एका बाजूला असल्यावर पेट्रोलवर संशय जाणारच. दुसऱ्यांदा बंद पडल्यावर एका शहरातल्या गॅरेजनं नवा पंप बसवून दिला, नळ्याही बदलल्या. नळ्या बदलायलाच हव्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. तिसऱ्यांदा गाडी बंद पडल्याचं कळवलं तेव्हा त्याच गॅरेजनं फोनवर सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल. मामांचा चेहरा त्या दिवशी पाहवत नव्हता.

सेलूतल्या ज्या मेस्त्रीकडे शेवटी गाडी गेली त्याचं खरं काम ट्रॅक्टरचं. मोटारसायकली आल्या तर करतो, पाण्याचे पंप करतो, मोंढ्यात हंगामात माल घेऊन येणारे टेम्पो करतो. त्यानं बॉनेट उघडलं, चाकावर बसला आणि प्रश्न विचारायला लागला. किती चालल्यावर मरते? एकदम मरते की आचके देत? उतारावरही मरते का? रात्री कधी मेली? फडकं टाकल्यावर किती वेळानं सुरू होते? आणि शेवटी, "फडकं न टाकता नुसतं थांबून पाहिलं का कधी?"

मामा गप्प. तसं कधीच केलं नव्हतं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी तसं हे झालं होतं. फडकं भिजवायचं, गुंडाळायचं, थांबायचं, यात वीस मिनिटं जात. त्या वीस मिनिटांत फक्त पंपच थंड होत नव्हता. कॉइल थंड होत होती, डेल्को (डिस्ट्रिब्यूटर) थंड होत होता, हेड, व्हॉल्व, सगळंच निवत होतं. श्रेय मात्र फडक्याला मिळत होतं. गरम झाली की मरते आणि थंड झाली की धावते, एवढ्या लक्षणावर निदान तीन वेगळे आरोपी बसतात. वाफाळलेलं पेट्रोल, गरम झाल्यावर कच खाणारा विजेचा भाग, आणि गरम झाल्यावर नीट न मिटणारा व्हॉल्व. थंड गाडीत तिघेही सज्जन दिसतात.

मेस्त्री म्हणाला, "मालक, आत्ता काय पण खोलू नका. गाडी पुन्हा मरू द्या एकदा. मी संगं येतो."

मला वाटतं सगळ्या निदानाची गोम इथंच आहे, आणि नेमकं हेच सगळ्यात कमी लोक करतात. बिघाड हजर असताना तपासायचं. गाडी गॅरेजात पोचेपर्यंत बिघाड पळून गेलेला असतो. मग मेस्त्री अंदाजानं एक भाग बदलतो, मग दुसरा, मग तिसरा. गाडी कधीतरी बरी होते, पण कशानं बरी झाली ते त्यालाही कळत नाही. नव्या गाडीला निदान स्कॅनर लावता येतो, मधल्या वेळेत काय घडलं ते तिच्या कॉम्प्युटरनं नोंदून ठेवलेलं असतं. हेराल्डला स्कॅनर लावायला जागाच नाही. तिची स्मरणशक्ती म्हणजे तिचा मालक.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तिघं निघालो. मेस्त्रीनं हातात घेतलं ते एवढंच: एक प्लग पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, रिकामी बाटली, फिलर गेज. गाडी तिच्या सवयीनुसार पाथरीच्या अलीकडे मेली. मामांचा हात कॅनकडे गेला तर मेस्त्रीनं धरला.

आधी पेट्रोल. त्यानं कॉइलची बारीक वायर काढून ठेवली, म्हणजे सांडलेल्या पेट्रोलाशेजारी ठिणगी नको. हे काम गरम इंजिनावर करणाऱ्यानं ही खबरदारी घेतलीच पाहिजे. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरली आणि सेल्फ मारायला सांगितलं. नळीत वाफ असती तर फसफसत, बुडबुडे काढत पेट्रोल आलं असतं, किंवा आलंच नसतं. इथं दर ठोक्याला भरीव चिळकांडी आली. पेट्रोल सुटलं. नव्या पंपाचे पैसे फुकट गेले हे मामांना कळलं, पण ते काही बोलले नाहीत.

मग वीज. नळी परत बसवली, बाटली लांब नेऊन ठेवली, बारीक वायर पुन्हा जोडली. कॉइलची जाड वायर रबरी टोपीला धरून इंजिनाच्या लोखंडापासून बोटाच्या अर्ध्या पेरावर आणली. पुन्हा सेल्फ. चांगली ठिणगी निळी असते, आणि तिचा चट्ट असा आवाज ऐकू येतो. इथं पिवळसर, दोऱ्यासारखी, मधेच तुटणारी ठिणगी. जणू उदबत्तीचं टोक. मेस्त्रीनं डेल्कोची टोपी उघडली आणि आम्हाला हातानं ऊन अडवायला लावलं. सावलीत दिसलं: प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडताना प्रत्येक वेळी त्यांच्यामध्ये लखलखीत जाळ उठत होता. "हे बघा. जाळ प्लगमधी पाह्यजे, तो इथंच जळायला."

दोष कंडेन्सरचा होता. बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी, आत कागद आणि वर्ख यांची गुंडाळी. एवढीशी वस्तू पूर्ण मोटार कशी थांबवते, ते शेतकऱ्याला पटकन कळेल. विहिरीवरची मोटर चालू असताना लांब पाइपलाइनीच्या तोंडचा व्हॉल्व झटक्यात बंद केला तर पाइप धाडकन हादरतो, कधी सांधा फुटतो. वाहतं पाणी अचानक अडवल्यामुळे दाब एकदम चढलेला असतो. तोच व्हॉल्व सावकाश फिरवला तर काहीच होत नाही. कॉइलचं काम या धडाक्यावरच चालतं. बारा व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह तिच्यातून वाहत असतो. पॉइंट उघडले की तो अचानक तुटतो, आणि त्या धक्क्यातून प्लगकडे जाणारे वीसेक हजार व्होल्ट उठतात. पण वाहत्या विजेलाही थांबायचं नसतं. पॉइंट उघडताच ती फटीवरून उडी मारू बघते. तेवढ्या क्षणापुरती तिला कंडेन्सर आपल्या पोटात घेतो, म्हणून प्रवाह झटक्यात तुटतो. कंडेन्सर मेला की फटीत जाळ पेटत राहतो, प्रवाह रेंगाळत तुटतो, म्हणजे व्हॉल्व सावकाश बंद केल्यासारखं. धडाका नाही, म्हणून ठिणगी नाही. आणि ही गोष्ट किती वेळा घडायची असते? चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. तीन हजार फेऱ्यांना मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर.

गरम झाल्यावरच तो का मरत होता? आतली गुंडाळी आणि तिचे सांधे उष्णतेनं फुगतात, कुठेतरी जोड सुटतो किंवा इन्सुलेशन गळायला लागतं. निवलं की पुन्हा जागेवर. परीक्षा तिथल्या तिथेच झाली. मेस्त्रीनं खिशातून अ‍ॅम्बेसॅडरचा जुना कंडेन्सर काढला, वायरनं बाहेरच्या बाहेर जोडला आणि तारेनं इंजिनाला बांधला. चार सिलिंडरच्या बारा व्होल्टच्या गाड्यांत एकाचा दुसऱ्याला चालतो. फडकं नाही, थांबणं नाही, इंजिन तसंच तापलेलं. सेल्फ मारला आणि गाडी उठली.

एकाच वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणून निकालाला अर्थ होता. त्यानं कॉइल, पॉइंट, कंडेन्सर तिन्ही एकदम बदलले असते तरी गाडी सुरू झालीच असती, पण गुन्हेगार कोण ते कळलं नसतं. आणि नव्या मालातला एखादा भाग सदोष निघाला असता तर पुढचा महिना शोधण्यात गेला असता. हल्लीच्या नव्या कंडेन्सरांची तशी फार खात्री देता येत नाही. म्हणून जाणते लोक जुना, चालून सिद्ध झालेला एखादा डॅशबोर्डच्या खणात ठेवतात.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण परत येताना मेस्त्री कान देऊन बसला होता. सेलूत गॅरेजसमोर गाडी उभी राहिली, आणि तो म्हणाला, "बंद नका करू. हिचा एक पाय लंगडतोय." गरम इंजिन रिकामं चालत असताना चार ठोक्यांत एक ठोका पोकळ येत होता. आम्हाला तो कधी ऐकूच आला नव्हता, किंवा जुनी गाडी म्हणून आम्ही तो ऐकत नव्हतो. एकेका प्लगची वायर काढली की इंजिनाचा वेग पडायला हवा. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्याला पडला. तिसऱ्याची काढली तर फारसा फरक नाही. तो सिलिंडर आधीच काम सोडून बसलेला.

प्लग काढून रांगेत ठेवले. तीन चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे निरोगी. काजळी असती तर पेट्रोल जास्त, चुन्यासारखा पांढरा असता तर कमी, आणि तेलानं ओला असता तर रिंगा गेल्या असं समजायचं. तिसरा नुसता मळकट. त्यानं प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला आणि मला सेल्फ मारायला लावला. चांगल्या सिलिंडरवर अंगठा टिकतच नाही, हवा तो उडवून देते. तिसऱ्यावर तो आरामात बसून राहिला. मग शेजारच्या गॅरेजातून कॉम्प्रेशनचा गेज आणला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकेक सिलिंडर मोजला. तीन ठिकाणी 130 ते 140 पौंड. तिसऱ्यात 75.

आता दाब जातो कुठे? त्यासाठी एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल ओतायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइल पिस्टनभोवती पसरून रिंगांची फट बुजवतं. काटा चढला तर रिंगा झिजल्या, बोअरचं काम आलं. चढला नाही तर गळती वर आहे, व्हॉल्वमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असते तर दोघांमधली हेड गॅसकेट फुटली असं धरलं असतं. त्या वेळी रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, कधी ऑइल ताकासारखं पांढरट होतं. आमचा काटा 80 पर्यंत गेला आणि थांबला. म्हणजे व्हॉल्व.

इंजिन रात्रभर निवू दिलं आणि सकाळी टॅपेट कव्हर काढलं. आठ व्हॉल्व. जुन्या मेस्त्र्यांचा नवाचा हिशेब इथं कामी येतो. जो व्हॉल्व पूर्ण दबलेला दिसेल त्याचा नंबर नवातून वजा करा, जो उरेल त्याची फट मोजा. पहिला दबला की आठवा, चौथा दबला की पाचवा. हेराल्डला थंड इंजिनात 0.010 इंच, म्हणजे दहा हजारांश, फट लागते. सात ठिकाणी पाती जरा घट्ट-सैल, पण गेली. पाचव्याला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला, तीन हजारांशची पाती घुसेना.

लोकांना वाटतं झिजेनं फट वाढते. इथं उलट घडतं. व्हॉल्व ज्या बैठकीवर बसतो ती बैठक झिजली की व्हॉल्व वर सरकतो आणि फट कमी होते. इंजिन तापलं की दांडा लांबतो, उरलीसुरली फट संपते, आणि व्हॉल्व केसभर उघडाच राहतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व आपली बहुतेक उष्णता बैठकीला टेकल्यावरच सोडतो. टेकलाच नाही तर लाल होतो, कडेला जळतो. आणि या हेडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व मधोमध शेजारीशेजारी आहेत, घरातल्या दोन चुली एका भिंतीला लावल्यासारखे. पहिला बळी तिथेच जायचा.

बैठक झिजायला कारण पुन्हा पेट्रोल, पण वेगळ्या वाटेनं. हेराल्ड घडवली तेव्हा पेट्रोलात शिसं असायचं. त्याचा पातळ थर बैठकीवर बसून व्हॉल्वच्या आपटण्याला गादी द्यायचा. या इंजिनात बैठक वेगळी कठीण कडी घालून केलेली नाही, ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कोरलेली आहे. शिसं माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक, म्हणून भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि ते योग्यच झालं. पण त्या दिवसापासून मामांच्या गाडीची गादी काढून घेतली गेली. वर्षाला पाच-सातशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पंचवीस वर्षांनी त्याचं बिल आलं.

पक्का इलाज म्हणजे हेड उतरवून मशीन शॉपमध्ये कठीण लोखंडाच्या कड्या बसवणं. तात्पुरता, म्हणजे फट पुन्हा दहावर आणणं आणि नजर ठेवणं. व्हॉल्वची कड अजून फारशी जळली नसावी, कारण फट दिल्यावर दाब 120 वर आला. मामांनी तात्पुरता निवडला.

निघताना मेस्त्रीनं आणखी एक उद्योग केला. मामांना म्हणाला, क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा, आणि स्वतः क्रँकच्या पुलीकडे बघत राहिला. या इंजिनांची ही जुनी खोड. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो, आणि त्याला अडवणारे अर्ध्या चकतीच्या आकाराचे थ्रस्ट वॉशर झिजून कधी खाली चेंबरमध्ये पडतात. मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो, आणि तेव्हा मात्र खरंच इंजिन उतरवायची वेळ येते. पुली जागची हलली नाही. त्यानं हेराल्ड यापूर्वी कधी उघडली नव्हती. विचारलं तर म्हणाला, ट्रॅक्टरमधी बी हेच बघतो की.

कंडेन्सर आता डेल्कोच्या बाहेर, कॉइलच्या पट्टीला बसवलाय, तिथं जरा गारवा असतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला मामांनी पोस्टकार्डाएवढा कागद चिकटवला आहे, आणि त्यावर आठ व्हॉल्वच्या फटी तारीखवार लिहायला सुरुवात केली आहे. जूनच्या ओळीत सगळीकडे दहा. दिवाळीच्या ओळीत सात ठिकाणी दहा, पाचव्याखाली आठ.